विश्लेषण : चिप देशी झाली, पण तिच्यावर लिनक्स चढते कसे?

नागपूरच्या कडबी चौकाजवळ, मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. ते २००२ मध्ये सुरू झाले तेव्हा नागपूरहून छिंदवाड्याला आणि नागभीडला जाणाऱ्या छोट्या गाड्या अजून धावत होत्या. छिंदवाड्याची गाडी २०१५ मध्ये थांबली, नागभीडची २०१९ मध्ये. कारण एकच, गेज बदल. ७६२ मिलिमीटरचा रूळ उखडायचा आणि १,६७६ मिलिमीटरचा टाकायचा, एवढेच काम कागदावर दिसते. प्रत्यक्षात रुळाबरोबर इंजिने, डबे, फलाट, पूल असे सगळेच बदलावे लागते. जुना डबा कितीही ठणठणीत असला तरी नव्या रुळावर तो फूटभरही सरकत नाही.

भारतीय चिपच्या बातम्या वाचताना हा गेज बदल लक्षात ठेवायला हवा. सी-डॅकने विकसित केलेल्या ‘ध्रुव ६४’ या प्रोसेसरची घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये झाली. ६४ बिट, दोन कोअर, १ गिगाहर्ट्‌झ. त्याआधी आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ प्रकल्पाच्या चिपवर २०१८ मध्येच लिनक्स सुरू झाले होते. अशी बातमी आली की वाचकांचा पहिला प्रश्न असतो, मग या चिपचा संगणक बाजारात कधी येणार? त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर चिपच्या कारखान्यात आहे. उरलेले अर्धे हजारो सॉफ्टवेअर पॅकेजेसच्या कंटाळवाण्या यादीत आहे, आणि त्याची बातमी सहसा होत नाही.

जुने सॉफ्टवेअर नव्या चिपवर का चालत नाही?

प्रोसेसरला कोणतीही मानवी भाषा कळत नाही. त्याला ठरावीक सूचना कळतात. दोन आकड्यांची बेरीज कर, हा आकडा मेमरीत ठेव, तिकडची सूचना उचल. या सूचनांचा संच म्हणजे त्या प्रोसेसरचे आर्किटेक्चर. इंटेल आणि एएमडीच्या चिपचा संच वेगळा, त्याला एक्स-८६ म्हणतात. तुमच्या हातातल्या स्मार्टफोनचा बहुधा आर्म. भारताने ज्यावर भर दिला आहे तो तिसरा, रिस्क-फाइव्ह. तिन्ही बेरीजच करतात, पण ‘बेरीज कर’ हे सांगण्याचे अंक प्रत्येकाचे वेगळे. त्यामुळे लॅपटॉपसाठी तयार झालेला प्रोग्राम फोनच्या प्रोसेसरला दिला तर त्याला तो निव्वळ कचरा वाटतो.

प्रोग्रामर मात्र हे अंक हाताने लिहीत नाहीत. ते सी, सी++, पायथन अशा भाषांत लिहितात. त्या लिखाणाला सोर्स कोड म्हणतात. तो वाचून प्रोसेसरचे अंक तयार करणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर. सोर्स कोड हा डब्याचा आराखडा समजा. आराखडा हाती असेल तर नव्या गेजचा डबा बांधता येतो. लिनक्सच्या जगात आराखडे सर्वांसाठी खुले असतात. म्हणून नवी चिप आली की तिच्यावर सर्वांत आधी लिनक्स येते. विंडोजचा आराखडा मायक्रोसॉफ्टकडे आहे. तिथे कंपनी ठरवेल तेव्हा.

रिस्क-फाइव्हचे काम २०१० मध्ये अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झाले. हा संच वापरायला कुणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही आणि परवानगीही मागावी लागत नाही. भारतासाठी हाच कळीचा मुद्दा ठरला. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने ‘डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह’ कार्यक्रम जाहीर केला. शक्ती आणि सी-डॅकची ‘वेगा’ मालिका हे त्याचे दोन मुख्य आधार.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. रिस्क-फाइव्हची प्रत्येक चिप लिनक्ससाठी नसते. सी-डॅकची ‘तेजस ३२’ ही चिप ३२ बिटची, १०० मेगाहर्ट्‌झची, आणि तिच्यात २५६ किलोबाइट मेमरी आहे. पाण्याचा पंप, मीटर, सेन्सर यांना ती पुरेशी. पण डेबियन किंवा उबंटू तिच्यावर चालवण्याचा प्रश्नच येत नाही. ‘देशी चिप’ अशी बातमी आली की ती यातल्या कोणत्या घरातली, हे आधी पाहावे.

डिस्ट्रिब्यूशन म्हणजे नेमके किती सामान?

लिनक्स हे नाव खरे तर फक्त कर्नलचे. कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामध्ये बसलेला व्यवस्थापक. तो एकटा कुणाच्या कामाचा नाही. त्याच्याभोवती मूलभूत लायब्ररी, कमांड, डेस्कटॉप, ब्राउझर, ऑफिस, छपाई, फॉन्ट असा संसार रचला की त्याला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात, बोलताना डिस्ट्रो. डेबियन, उबंटू, फेडोरा ही त्यातली मोठी नावे. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय डिस्ट्रो डेबियनवर आधारलेली. ई-कोर्ट प्रकल्पात देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांना जे लिनक्स पुरवले गेले, ते उबंटूवर बेतलेले.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६९,८३० पॅकेजेस आहेत. त्यांतली बरीच नव्या आर्किटेक्चरसाठी पुन्हा बांधावी लागतात. एकदा नव्हे, प्रत्येक सुधारणेला, प्रत्येक सुरक्षा दुरुस्तीला. नवी चिप स्वीकारणे म्हणजे कायमचा संसार अंगावर घेणे, असे डिस्ट्रो चालवणारे मानतात ते याचमुळे. त्यातले कित्येक जण विनामोबदला काम करतात, हेही विसरून चालणार नाही.

कोंबडी आधी की कंपायलर?

समजा, नवी चिप टेबलावर आहे. तिच्यासाठी एकही प्रोग्राम नाही. पहिला प्रोग्राम बांधायला कंपायलर हवा. पण कंपायलर हाही एक प्रोग्रामच! तो नव्या चिपवर चालायचा तर आधी कुणीतरी तो बांधायला हवा. तो चालायला सी लायब्ररी लागते, आणि सी लायब्ररी बांधायला कंपायलर लागतो. या गुंत्यातून वाट काढण्याच्या कामाला बूटस्ट्रॅप म्हणतात.

पहिली युक्ती क्रॉस कंपायलिंगची. जुन्या गेजच्या कारखान्यातच नव्या गेजचा पहिला डबा बांधायचा. इंटेलच्या लॅपटॉपवर असा कंपायलर चालवायचा की जो स्वतः एक्स-८६ वर चालतो, पण अंक तयार करतो रिस्क-फाइव्हचे. आधी अर्धवट कंपायलर बांधतात, त्याने सी लायब्ररीचा सांगाडा, मग त्या सांगाड्यावर पूर्ण कंपायलर, त्याने पुन्हा पूर्ण लायब्ररी. घर बांधताना आधी पत्र्याची खोली उभी करून तीत राहतात, घर झाले की ती पाडतात. तसेच हे.

दुसरी युक्ती इम्युलेशनची. नॅरोगेजचे इंजिन दुसरीकडे न्यायचे असले की ते ब्रॉडगेजच्या वाघिणीवर चढवून नेतात. क्यूईएमयू नावाचा प्रोग्राम हेच करतो. तो नव्या चिपची प्रत्येक सूचना वाचून जुन्या चिपच्या भाषेत उलथवतो. चिप कारखान्यातून येण्याआधीच तिचे सॉफ्टवेअर चालवून पाहता येते, हा मोठाच फायदा. तोटा वेगाचा. खऱ्या यंत्राच्या तुलनेत काम रखडत चालते.

एवढे करून मूळ पाया उभा राहिला तरी वरच्या मजल्यांवर तेच दुखणे. जावा बांधायला जावा लागते. रस्ट भाषेचा कंपायलर रस्टमध्येच लिहिलेला आहे, तो बांधायला आधीचा रस्ट लागतो. एखाद्या छोट्या लायब्ररीला तिची माहितीपुस्तिका छापायला एक साधन लागते, त्या साधनाला ग्राफिक्सचे पॅकेज, ग्राफिक्सला पुन्हा तीच छोटी लायब्ररी. डेबियनने यावर साधा व्यवहारी तोडगा काढला. पॅकेजच्या कृतीतच लिहून ठेवायचे की पहिल्या फेरीत पुस्तिका वगळा, चाचण्या वगळा, नुसता गाभा बांधा. चक्र फुटले की दुसऱ्या फेरीत सगळे नीट करा. कोणते पॅकेज कोणाला अडवून बसले आहे, हे शोधून काढणाऱ्यांचे काम गुप्तहेरापेक्षा सोपे नसते.

फेडोराला पुन्हा मुळापासून का सुरुवात करावी लागली?

रिस्क-फाइव्हवर फेडोरा उभारण्याचे काम रेड हॅटचे अभियंते रिचर्ड जोन्स यांनी २०१६ मध्ये हाती घेतले. पॅकेजेस बांधली, ती चालूही लागली. पण तेव्हा ग्लिबसी ही मूलभूत सी लायब्ररी रिस्क-फाइव्हला अधिकृतपणे ओळखत नव्हती. मूळ प्रकल्पाबाहेरची, कच्ची आवृत्ती वापरात होती.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्लिबसी २.२७ आली आणि रिस्क-फाइव्हच्या ६४ बिट चिपचा तिच्यात अधिकृत समावेश झाला. त्यात प्रोग्राम आणि लायब्ररी यांच्यातले करार कायमचे ठरले. कोणता आकडा कोणत्या रजिस्टरमध्ये द्यायचा, कोणती रचना मेमरीत किती जागा घेणार. या कराराला एबीआय म्हणतात. कच्च्या करारावर बांधलेली पॅकेजेस पक्क्या करारावर टिकणार नव्हती. त्यामुळे २०१८ मध्ये फेडोराची बांधणी पुन्हा मुळापासून झाली.

वाया गेलेले श्रम म्हणावेत का? तसे नाही. पहिल्या फेरीत ज्या चुका सापडल्या त्या मूळ प्रकल्पांत दुरुस्त झाल्या होत्या. पण क्रम चुकला की काय किंमत पडते, याचे हे चांगले उदाहरण. कंपायलर, कर्नल आणि सी लायब्ररी या तिघांच्या मूळ प्रकल्पांत प्रवेश मिळाल्याशिवाय डिस्ट्रोची घाई करण्यात अर्थ नसतो. जीसीसी कंपायलरमध्ये रिस्क-फाइव्ह २०१७ मध्ये आले, कर्नलमध्ये जानेवारी २०१८ च्या ४.१५ आवृत्तीत, आणि मग ग्लिबसी.

डेबियनने वेगळी, सावध वाट धरली. २०१८ मध्ये रिस्क-फाइव्हला अनधिकृत विभागात जागा मिळाली. तिथे पाच वर्षे पॅकेजेस बांधली, मोडली, दुरुस्त केली गेली. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आले तेव्हाही रिस्क-फाइव्ह त्यात नव्हते. पुढच्याच महिन्यात त्याला अधिकृत दर्जा मिळाला. आणि तेव्हा काय केले, तर आधी बांधलेले सगळे आयते उचलले नाही. सुमारे ९० सोर्स पॅकेजेसचा पाया तेवढा आणला आणि बाकी सारे अधिकृत यंत्रांवर नव्याने बांधले. कोणते पॅकेज कोणत्या यंत्रावर, कुणी बांधले, याचा हिशेब स्वच्छ हवा म्हणून. त्याच सप्टेंबरमध्ये डेबियनची जागतिक परिषद पहिल्यांदा भारतात, कोचीला भरली. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये रिस्क-फाइव्ह प्रथमच अधिकृतपणे आले. सात वर्षे लागली.

या बांधणीसाठी वापरलेली यंत्रेही पाहण्यासारखी. सायफाइव्ह कंपनीचे ‘हायफाइव्ह अनमॅच्ड’ बोर्ड, चार कोअर, १६ जीबी मेमरी. नागपुरातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप वेगात त्याला सहज मागे टाकेल.

पॅकेज अडते कुठे?

आराखडा खुला आहे, कंपायलर तयार आहे, मग नुसते बटण दाबायचे ना? बऱ्याच पॅकेजेसचे तसेच होते. अडचण उरलेल्यांची.

सर्वांत हास्यास्पद अडचण ओळखपरेडची. अनेक जुन्या पॅकेजेससोबत एक छोटी फाइल येते. ती बांधणीच्या सुरुवातीला विचारते, हे यंत्र कोणते? तिच्याकडे ओळखीच्या आर्किटेक्चरची यादी असते. फाइल २००८ ची असेल तर तिला रिस्क-फाइव्ह कुठून माहीत असणार? ती ‘हे यंत्र ओळखता येत नाही’ म्हणून काम थांबवते. आतला कोड अगदी शुद्ध असला तरी दारावरचा पहारेकरी आत सोडत नाही. ही फाइल आपोआप नवी घालण्याची सोय डेबियनने केली तेव्हा शेकडो अडथळे एका फटक्यात दूर झाले.

दुसरी अडचण जास्त फसवी, कारण तिच्यात पॅकेज बांधले जाते, पण चुकीचे वागते. सी भाषेत एक अक्षर ठेवायला एक बाइटचा ‘कॅरेक्टर’ प्रकार असतो. त्यात ऋण आकडा बसतो की नाही, हे भाषेने ठरवलेच नाही, आर्किटेक्चरवर सोडले. एक्स-८६ वर त्यात उणे १२८ ते १२७ बसतात. आर्म आणि रिस्क-फाइव्हवर लिनक्समध्ये ० ते २५५. आता फाइल वाचणारा प्रोग्राम घ्या. फाइल संपली की त्याला ‘उणे १’ हा इशारा मिळतो. निष्काळजी प्रोग्रामरने तो इशारा या एका बाइटमध्ये ठेवला, तर एक्स-८६ वर वर्षानुवर्षे काही बिघडत नाही. नव्या चिपवर मात्र उणे १ चा होतो २५५. प्रोग्राम उणे १ ची वाट पाहत बसतो, तो कधीच येत नाही, आणि फाइल संपूनही वाचन संपत नाही. वीस वर्षे दडलेली चूक गेज बदलल्यावर बाहेर पडते.

तिसरी अडचण एकापेक्षा जास्त कोअर असलेल्या चिपची. एका कोअरने आधी ‘अ’ आणि मग ‘ब’ लिहिले, तर एक्स-८६ वर दुसऱ्या कोअरला ते त्याच क्रमाने दिसते. आर्म आणि रिस्क-फाइव्ह अशी हमी देत नाहीत. क्रम हवा असेल तर प्रोग्रामरने तसे स्पष्ट सांगावे लागते. न सांगितल्यास प्रोग्राम दहा हजार वेळा बरोबर चालतो आणि एकदा कोलमडतो. अशी चूक शोधणे म्हणजे घरात कुठेतरी ओरडणारा रातकिडा शोधणे.

यातल्या पुष्कळ चुका रिस्क-फाइव्हच्या आधीच आर्मच्या कामात सापडल्या होत्या. ६४ बिट आर्म डेबियन ८ मध्ये, २०१५ साली अधिकृत झाले. त्या मंडळींनी काढलेले काटे रिस्क-फाइव्हवाल्यांच्या पायात रुतले नाहीत. स्वस्त फोनच्या लाटेचा हा एक अनपेक्षित फायदा.

ब्राउझर मात्र वेगळेच प्रकरण. वेबपानावरचा जावास्क्रिप्ट वेगाने चालावा म्हणून ब्राउझर स्वतःच, चालता चालता, प्रोसेसरचे अंक लिहितो. म्हणजे ब्राउझरच्या पोटात एक कंपायलर आहे आणि तो नव्या चिपसाठी मुद्दाम लिहावा लागतो. व्हिडिओ उलगडणाऱ्या लायब्ररीत वेगासाठी हाताने लिहिलेल्या सूचना असतात, त्याही चिपगणिक वेगळ्या. त्या नसल्या तर व्हिडिओ चालतो, पण अडखळत.

मराठीला काही वेगळे करावे लागते का?

थोडेच. लिनक्सवर देवनागरी दाखवणारा ‘लोहित’ फॉन्ट घ्या. लोहित मालिकेचे पहिले फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले आणि रेड हॅटने २००४ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. फॉन्टची फाइल म्हणजे अक्षरांच्या वळणांची माहिती. तिच्यात प्रोसेसरची एकही सूचना नसते, म्हणून ती कोणत्याही आर्किटेक्चरवर जशीच्या तशी जाते. डेबियनमध्ये अशा पॅकेजेसवर ‘सर्वांसाठी’ असा शिक्का असतो. भाषांतरित मेनू आणि शब्दसूचीही बहुधा याच घरातल्या.

पण ‘क’ला ‘ष’ जोडून ‘क्ष’ घडवणारे, वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन बसवणारे काम हार्फबझ ही लायब्ररी करते. ती सी++ मध्ये आहे, ती बांधावीच लागते. सुदैवाने ती सरळ स्वभावाची निघाली. लिब्रेऑफिस तसे नाही. त्याच्या वेगवेगळ्या भाषांत लिहिलेल्या भागांना जोडणारा एक पूल प्रत्येक आर्किटेक्चरसाठी वेगळा लिहावा लागतो. त्या पुलाशिवाय मराठीत अर्ज टाइप करायला ऑफिसच उघडणार नाही.

रुळाची पातळी कोण ठरवणार?

आता खरा वाद. रिस्क-फाइव्ह हा एकच संच नाही. तो एक पाया आणि त्यावरचे ऐच्छिक मजले आहेत. गुणाकार, दशांश अपूर्णांक, एका दमात अनेक आकड्यांवर काम करणारा व्हेक्टर विभाग, असे एकेक मजले. चिप बनवणाऱ्याने हवे ते घ्यावेत. डिस्ट्रोला मात्र एक किमान पातळी ठरवावी लागते, कारण पॅकेज एकदाच बांधले जाते आणि ते सर्वांच्या यंत्रावर चालले पाहिजे. पातळी खाली ठेवली तर जुन्या, स्वस्त चिप सामावतात, पण नव्या चिपची ताकद पडून राहते. वर ठेवली तर उलट.

डेबियन आणि फेडोराने आरव्ही६४जीसी ही खालची पातळी धरली. उबंटूने ऑक्टोबर २०२५ च्या २५.१० आवृत्तीपासून आरव्हीए२३ ही वरची पातळी सक्तीची केली. या पातळीत व्हेक्टर विभाग अनिवार्य आहे. परिणाम असा की तोवर बाजारात विकले गेलेले जवळपास सर्व रिस्क-फाइव्ह बोर्ड नव्या उबंटूतून बाहेर पडले. त्यांच्यासाठी २४.०४ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती राहिली, जिचा सर्वसाधारण आधार २०२९ पर्यंत आहे.

उबंटूचा निर्णय अनाठायी नाही. पुढच्या दशकातल्या चिप मागच्या दशकाच्या पातळीवर जखडून ठेवण्यात शहाणपण नसते. पण भारताच्या दृष्टीने तो अडचणीचा आहे. वेगा मालिकेतले ६४ बिट कोअर आरव्ही६४जीसी पातळीवर आखलेले आहेत. त्यांच्यावर डेबियन चालेल, म्हणून बॉसलाही वाट मोकळी. पण नवे उबंटू नाही. सरकारी कार्यालये देशी चिपकडे वळवायची झाली तर उबंटूवर उभारलेल्या व्यवस्थांपुढे दोनच पर्याय उरतात. २०२९ च्या आत डिस्ट्रो बदलणे, किंवा आरव्हीए२३ पातळीच्या देशी चिपची वाट पाहणे. चिप आखणारे आणि कार्यालयांसाठी लिनक्स निवडणारे एकमेकांशी बोलतात का, हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक कमी आणि प्रशासकीय जास्त आहे.

पातळीइतकाच महत्त्वाचा मुद्दा बोर्डच्या ओळखीचा. संगणक सुरू होताना कर्नलला सांगावे लागते की मेमरी इथे आहे, यूएसबी तिथे आहे. पीसीमध्ये हे फर्मवेअर सांगते. छोट्या बोर्डांना ‘डिव्हाइस ट्री’ नावाची यादी लागते आणि त्यावरच्या प्रत्येक भागाला ड्रायव्हर लागतो. अनेक कंपन्या हे सारे स्वतःच्या फेरफार केलेल्या कर्नलमध्ये कोंबून बोर्ड विकून मोकळ्या होतात. मूळ कर्नलमध्ये ते कधी जातच नाही. दोन वर्षांनी कंपनीचे लक्ष दुसरीकडे जाते आणि बोर्ड जुन्या कर्नलवर अडकून पडतो. चांगल्या फोनचे अपडेट अचानक बंद का होतात, याचे एक मोठे कारण हेच. देशी बोर्ड विकत घेताना सरकारी निविदेत ‘मूळ कर्नलमध्ये समावेश’ ही एक अट घातली तरी पुढचा बराच त्रास वाचेल.

नवे गेज आले, जुन्याचे काय?

डेबियन १३ ने रिस्क-फाइव्हला घेतले त्याच वेळी ३२ बिट पीसीला निरोप दिला. त्यासाठी आता स्वतंत्र इन्स्टॉलर किंवा कर्नल मिळत नाही. जुने ३२ बिट प्रोग्राम ६४ बिट यंत्रावर चालवता येतात, इतकेच. जुन्या पीसीवर हलके लिनक्स टाकून काम चालवणाऱ्या शाळा आणि वाचनालयांना हा फटका आहे. कारण सोपे. त्या यंत्रांसाठी चुका दुरुस्त करायला माणसे उरली नव्हती. आर्किटेक्चर टिकते ते त्याच्यामागे राबणाऱ्या माणसांवर. चिपची संख्या दुय्यम.

हे काम नागपुरातून होऊ शकते?

महाराष्ट्राला असे काम नवे नाही. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचे संस्थापक कार्यकारी संचालक डॉ. विजय भटकर हे नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीचे १९६५ चे पदवीधर. १९९१ चा परम ८००० ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिपवर होता. पुढे परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्कवर आला, परम पद्म आयबीएमच्या पॉवर ४ वर. दर पिढीला चिप बदलली आणि दर पिढीला सॉफ्टवेअर नव्याने मांडावे लागले. त्या काळी हे काम संस्थेच्या आवारातच होत असे, कारण यंत्र तिथेच होते.

आता यंत्राशेजारी बसायची गरज नाही. साध्या लॅपटॉपवर क्यूईएमयू टाकले की रिस्क-फाइव्हचा डेबियन त्यात सुरू होतो. खरा बोर्ड हवा असेल तर तो काही हजार रुपयांत मिळतो. कोणती पॅकेजेस रिस्क-फाइव्हवर बांधली गेली नाहीत आणि कोणत्या ओळीवर अडली, याच्या नोंदी डेबियनच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. त्यातले एक छोटे पॅकेज निवडायचे, नोंदीतला शेवटचा त्रुटीसंदेश वाचायचा, चूक शोधायची आणि दुरुस्ती मूळ प्रकल्पाला पाठवायची. व्हीएनआयटी, ट्रिपल आयटी किंवा शहरातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी हे काम पुरेसे आहे, आणि ‘लायब्ररी व्यवस्थापन प्रणाली’ पंधराव्यांदा लिहिण्यापेक्षा नक्कीच बरे. दुरुस्ती स्वीकारली गेली तर लिहिणाऱ्याचे नाव प्रकल्पाच्या इतिहासात राहते. नाकारली तर का नाकारली, हे बहुधा लेखी कळते.

नवख्याने ब्राउझर किंवा जावापासून सुरुवात करू नये. पहारेकरी फाइल जुनी असल्याने अडलेले किंवा बोर्ड मंद असल्याने चाचणीच्या वेळमर्यादेत न बसलेले पॅकेज आधी घ्यावे. ‘हे पॅकेज पाच मिनिटांत संपले पाहिजे’ असे लॅपटॉपवर बसून कुणीतरी ठरवलेले असते. बोर्डला अकरा मिनिटे लागतात आणि बांधणी नापास होते. अशी दुरुस्ती एका ओळीचीही असू शकते. ती कुठे करायची, हे कळायला कधी कधी आठवडा जातो.

डेबियनच्या पुढच्या आवृत्तीचे नाव ‘फोर्की’ ठरले आहे आणि तिची बांधणी सुरू आहे. न बांधल्या गेलेल्या पॅकेजेसची यादी रोज बदलते.